गोठ्यातला पेला

चिंचेच्या कोळाचा वास नाकाशी आला की वालूरचं ते घर आठवतं, जिथं माझे आजोबा सालगडी होते. मला जुन्या काचेची पारख आहे म्हणून तिथल्या म्हाताऱ्या मालकांनी बोलावलं होतं. चिंचेनं घासून क्षाराचा थर काढल्यावर साच्यात घडवलेल्या पाच पेल्यांच्या तळाशी विलायती कारखान्याची खूण आणि नोंदणीचा आकडा उठून दिसला. मी विचारलं, "सहावा फुटला का?" त्यांनी गोठ्याच्या कोनाड्यातून धुळीनं माखलेला पेला आणला. तीच खूण, तोच आकडा. "ह्यो तुमच्या आजाचा," ते सहज म्हणाले, "तुमच्या लोकायसाठी येगळा ठिवला व्हता." मी सहाही पेले एका रांगेत मांडले. तेवढ्यात चहा आला. त्यांचा कपबशीत, माझा कागदी कपात. मी तो मुकाट्यानं प्यायलो. त्याची लाज मला अजून वाटते.