सालोमीबाईंचा राग

बायबलमधल्या संदेष्ट्यांचा पाठ आला की सालोमीबाईंचा आवाज चढण्याऐवजी उतरायचा. गरिबांना नाडणाऱ्या पुढाऱ्यांवर देव कसा कोपला, हे त्या असं वाचत, जणू गावाकडून वाईट बातमीचं पत्र आलंय आणि ते घरात आपल्यालाच वाचून दाखवायचंय.

जबलपूरच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत त्या बायबल शिकवत, मी गणित. काळ इंग्रजांचा. मी हिंदू घरातली, विशीतली. त्या अचलपूरकडच्या, विधवा, चाळिशी ओलांडलेल्या. तुमचा देव एवढा का रागावतो, असं मी एकदा विचारलं.

"परक्याचा राग नाही तो, सुमन," त्या म्हणाल्या. "लेक बिघडून राहिला की बापाचा जीव तुटते, तसा आहे."

त्या उन्हाळ्यात शाळेजवळच्या घमापूर वस्तीतला सार्वजनिक नळ आटला. आटला कसला, वॉर्डाचे मेंबर रायसाहेब यांनी पाणी आपल्या बागेकडे वळवलं होतं. बायका गढूळ विहिरीवर जाऊ लागल्या आणि वस्तीत पटकी शिरली. आठवडाभरात माझ्या वर्गातल्या दोन मुली गेल्या. याच रायसाहेबांनी नवरा वारल्यावर सालोमीबाईंना शाळेत लावून दिलं होतं. त्या त्यांना भैया म्हणत. पाण्यासाठी त्या दोनदा बंगल्यावर गेल्या. दोन्ही वेळा चहा मिळाला, पाणी नाही.

शाळेच्या बक्षीस समारंभाला रायसाहेबच पाहुणे होते. सुरुवातीचं शास्त्रवाचन बाईंकडे होतं. ठरलेला उतारा सोडून त्यांनी एका मेंढपाळ संदेष्ट्याची वाणी हिंदीतून वाचली. हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्या, लोक मरताना ज्यांना काहीच वाटत नाही, अशा पुढाऱ्यांवरचा तो कोप होता. मग मान वर करून त्या म्हणाल्या, "भैया, ये आपके लिए पढ़ा. दो बच्चियाँ चली गईं."

रायसाहेब उठून गेले. पुढच्या सोमवारी बाईंचा बायबलचा तास काढून त्यांना शिवणाचा वर्ग दिला. तो त्यांनी निमूट घेतला.

वर्षभरात रायसाहेबांना अर्धांगवायू झाला. मुलगे नागपूरला निघून गेले, येणारे-जाणारे थांबले. देवानं न्याय केला, असं घमापुरात जो तो म्हणू लागला. मीही म्हणाले. बाई तेव्हा डब्यात पातळ खिचडी भरत होत्या. ती रायसाहेबांसाठीच होती. रोज दुपारी जाऊन त्या त्यांना भरवत. माझं बोलणं ऐकून डब्याचं झाकण बाईंच्या हातातच राहिलं.

"असं नको बोलू. ज्यानं शिक्षा वाचून दाखवली, त्यानं ती पाहून हसायचं नसते. ज्या शहरावर कोप सांगितला, ते पडलं तेव्हा संदेष्टेच रडले, पोरी."

एका दुपारी घास गिळता गिळता रायसाहेब वाकड्या तोंडानं कसंबसं बोलले, "नल." बाईंना कळलं. त्यांनी तिथेच पाणी परत नळाला सोडण्याचा अर्ज लिहिला, रायसाहेबांच्या डाव्या हातानं त्यावर सही घेतली आणि स्वतः कचेरीत नेऊन दिला. पंधरा दिवसांनी घमापुरात पाणी आलं.

थंडीत ते वारले. अंत्ययात्रा घमापुरातून गेली, तेव्हा बायका ओट्यांवर उभ्या होत्या. कुणाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तिरडीमागे बायका जात नाहीत. सालोमीबाई गेल्या, एकट्या, हुंदके देत. पटकीत मुलगी गमावलेली एक आई ओट्यावरून खाली उतरली. तिनं बाईंचा दंड धरला आणि त्यांच्याबरोबर चालू लागली.