ओलाव्याची पैज

वालावलजवळच्या आमच्या कातळी जमिनीत आईने हापूसची नवी कलमं लावली, ती सत्तरीला टेकल्यावर. इकडे मी पुण्यात तिच्यासाठी खोली रंगवून, पलंग घालून वाट बघत बसलेली. शेवटी आमची पैज लागली. पहिल्या उन्हाळ्यात कलमं जगली तर ती गावातच राहणार, मेली तर मुकाट माझ्याबरोबर येणार. आणि मी शहाणीने काय करावं? तिचे गुडघे दुखतात म्हणून बागेत सेन्सर बसवून दिले. म्हणजे पैज मला जिंकायची आणि मदत तिला!

मुळांशी खुपसलेल्या काड्या मातीतला ओलावा मोजायच्या आणि आईच्या फोनमधून एक बाई बोलायची, "आपल्या बागेतील ओलावा कमी झाला आहे. कृपया पाणी द्यावे." एवढी शुद्ध मराठी म्हणजे तालुक्याची कचेरीच! आई पदर सावरून उत्तर द्यायची, "होय मॅडम, देते हं. पेज तेवढी उतरवते." पहिले काही दिवस मी तिथंच होते. हसून हसून माझं पोट दुखायचं.

"आई, ते यंत्र आहे गं."

"यंत्र असला म्हणान काय झाला? इचारल्यार उत्तर नको देवक?"

पुढे मॅडमची बाय कधी झाली कळलंच नाही. मी पुण्याहून फोन केला की मागून ऐकू यायचं, "गप रव गो बाये, माका म्हायत आसा!" मला चक्क त्या बाईचा मत्सर वाटायला लागला.

मग ऐन मे महिन्यात, मी ऑफिसात असताना, आईचा संतापलेला फोन आला. "तुझी बाय खोटा बोलता! पंप चालू आसा, तरी पानी घाल, पानी घाल! सकाळपासून डोक्या खाता."

"बिघडली असेल, बंद कर तिला," एवढंच मी म्हणायचा अवकाश होता. त्या उन्हात कलमांनी मान टाकली असती आणि पैज माझी. वाक्य जिभेवर आलंसुद्धा. आणि मी ओरडले, "आई, पाईप बघ! आत्ता!"

ती फोन हातात धरूनच चढण चढली. तिचा श्वास ऐकू येत होता. मग एकदम आरोळी आली, "उंदरान पाईप खाल्ल्यान गो! पानी सगळा दगडाच्या गडग्याकडे जाता!"

ती सायकलच्या जुन्या ट्यूबने पाईप बांधत होती आणि मी ऑफिसच्या जिन्यात "घट्ट बांध! अजून घट्ट!" म्हणून किंचाळत होते. येणारेजाणारे थांबून बघत होते. थोड्या वेळाने ती बाई शांतपणे म्हणाली, "ओलावा वाढत आहे." आम्ही दोघी इतक्या हसलो की मला जिन्यातच बसावं लागलं.

पावसाच्या तोंडावर कलमांना तांबूस पालवी फुटली. आईने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन एकेका कलमापाशी नेऊन दाखवला. कधी पानं, कधी नुसतं आभाळ, कधी तिची हनुवटी. मी हसत होते, डोळे पुसत होते, आणि हरल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

"हरले गं," मी म्हटलं. "पण सुट्टी काढलीये, मी येतेच."

आईने फोन तोंडाजवळ धरला.

"माका न्हेवक येव नको, गो. रवाक ये."