दगडफुलाचा तपकिरी

रंगारीणमावशींचे हात नखांपासून मनगटापर्यंत तपकिरी असायचे. नवखा दुकानदार त्यांच्या हातात पाव ठेवण्याआधी दोनदा बघायचा. मावशी हसून म्हणायच्या, "अहो, धुतलेत. रंग पक्का आहे, एवढंच."

लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना घरामागच्या डोंगरावरचं दगडफूल खरवडायला शिकवलं, आणि कुठे थांबायचं तेही. थंडीच्या त्या मुलखात दगडफूल बोटभर पसरायला माणसाचं निम्मं आयुष्य जातं. म्हणून एका खडकावरचं थोडंच घ्यायचं, बाकीचं राखायचं. लोकरीबरोबर ते दिवसभर उकळलं की गडद, मऊ तपकिरी उतरायचा. गावात बहुतेक घरांत त्या रंगाचं एक तरी पांघरूण होतं.

मग हिवाळे आखूड होत गेले. डोंगरावरची गुडघ्याएवढी खुरटी झुडपं खांद्याला लागली आणि दरवर्षी वर सरकत गेली. खडक सावलीत गेले, पाचोळ्याखाली झाकले गेले. उन्हावर जगणारं दगडफूल काळं पडून पापुद्र्यांनी गळू लागलं. मावशींना आणखी वर चढावं लागायचं. सोबत थोरल्या नणंदबाई असायच्या. घरात सूत त्याच काढायच्या. हात चरख्यावर आणि तोंड सगळ्या जगावर.

अशातच शेजारच्या विणकराच्या मुलीचं लग्न ठरलं. त्याला लेकीसाठी तपकिरी पांघरूण हवं होतं, तिच्या आजीच्या पांघरुणासारखं. दोघी सकाळीच निघाल्या. झुडपांत अडकून नणंदबाईंचा स्वेटर फाटला.

"झुडपाला दिली ओसरी, झुडूप हातपाय पसरी!" त्या करवादल्या.

माथ्याजवळच्या एका कड्यावर दगडफूल सापडलं, अगदी भरगच्च. मावशींनी पातं काढलं आणि त्यांचा हात थबकला. कडेकडेने दातांच्या खुणा होत्या, खाली लेंड्या पडल्या होत्या. हरणं इथवर चढली होती. हल्ली भर हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडायचा, वरचा थर काचेसारखा गोठायचा, आणि त्याखालचा चारा त्यांना उकरता यायचा नाही.

"घ्या ना वहिनी. आपण नाही घेतलं तर ती खातील."

"खाऊ देत, वन्सं. त्यांना दुसरं काय आहे?"

"आणि आपल्याला?"

मावशींनी पातं कमरेला खोचलं. रिकामी पिशवी घेऊन त्या उतरल्या. नणंदबाई चार दिवस बोलल्या नाहीत. घरातल्या मांजरालाही ते चमत्कारिक वाटलं.

मावशींनी मग झुडपंच तोडून आणली आणि साल उकळायला घातली. रंग आला तो गढूळ. पातेल्यात डोकावून नणंदबाईंनी मौन सोडलं, "हा रंग म्हणायचा की आजारपण?" बऱ्याच लडी वाया गेल्यावर नुसत्या पानांतून मधासारखा पिवळा उतरला.

विणकर ती लड बराच वेळ न्याहाळत राहिला. "छान आहे, मावशी. पण हा आमचा नव्हे."

"बाबा, मला चालेल," मुलगी म्हणाली.

चालेल म्हणाली, आवडला म्हणाली नाही. मावशींना तो फरक कळला.

पुढे पिवळा खपू लागला. पानांसाठी झुडपं तोडायची, तर मावशी जुन्या खडकांभोवतीचीच आधी तोडायच्या. तिथे पुन्हा ऊन पोचू लागलं. दगडफूल परत धरेल का, हे त्यांच्या हयातीत कळणार नव्हतं.

"मग कशाला एवढी मरमर?" नणंदबाई विचारायच्या.

"बसल्या बसल्या बोलू नका हो, वन्सं. ती फांदी धरा."

आणि नणंदबाई कुरकुरत का होईना, धरायच्या.