साहेबांची पाठ

माझ्या वडिलांची पाठ तुम्ही पाहिली आहे. जुने हिंदी सिनेमे बघत असाल तर नक्कीच पाहिली आहे. नायिका ज्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडते, आणि आपल्याला फक्त तिचाच चेहरा दिसत असतो, तो खांदा पुष्कळदा साहेबांचा नसायचा, आमच्या बाबांचा असायचा. जुळ्या भावांच्या गोष्टीत थोरला धाकट्याला खडसावतो, तेव्हा गुपचूप ऐकून घेणारी पाठ तर हमखास बाबांची. साहेब म्हणजे त्या काळचा मोठा हीरो. आमच्या घरात त्यांना दुसरं नाव नव्हतं.

एकतीस वर्षं बाबांनी हे काम केलं. एवढ्या वर्षांत पडद्यावर त्यांचा चेहरा एकदाच दिसला, तोही चुकून, जेमतेम दोन सेकंद. आईच्या मते आमच्या घराला मिळालेला तो सगळ्यात मोठा मान आहे. बाबांच्या मते त्यांच्या कामावरचा तो एकुलता एक डाग. आणि गेल्या महिन्यात, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तो डाग कायमचा पुसून टाकायची संधी फोनवरून त्यांच्याकडे चालून आली. त्या फोनपासून आई त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

पण आधी पाठीविषयी सांगते, नाहीतर दोघांपैकी कुणाचंच म्हणणं कळणार नाही.

बाबा मुळात शिंपी. स्टुडिओच्या कपडेपटात कोट शिवायचे. साहेबांना कोट अंगावर चढवून ताटकळत उभं राहायचा भारी कंटाळा. त्यांचं आणि बाबांचं माप तंतोतंत जुळायचं, म्हणून साहेबांचे कोट बाबांच्याच अंगावर बेतले जायचे. एकदा साहेब जुळे भाऊ करत असताना दुसऱ्या भावाची पाठ द्यायला येणारा माणूस तापाने आडवा झाला. दिग्दर्शक वैतागून कपडेपटात शिरला, तर तिथे टाचण्या लावलेल्या कोटात पाठमोरे बाबा उभे. दिग्दर्शक म्हणाला, "साहेब, तुम्ही इथे काय करताय?" त्या दिवसापासून बाबांनी सुई खाली ठेवली. सगळा स्टुडिओ त्यांना पाठवाले म्हणू लागला.

लोकांना वाटतं, पाठ करून उभं राहण्यात काय एवढं? असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. साहेबांचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. खोटं बोलताना ते उजव्या टाचेवर भार द्यायचे. हसण्याआधी त्यांची मान किंचित आत जायची. हे सगळं बाबांनी हेरून ठेवलं होतं. "पाठीने रागावणं सोपं," ते सांगतात, "खांदे ताठ केले की झालं. पाठीने लाजणं महाकठीण." आणि पाहुण्यांनी नुसतं विचारायचा अवकाश, ते उठून भिंतीकडे तोंड करून लाजून दाखवतात. आजही. पायजमा आणि बनियनवर.

साहेबांचं पोट आणि आमचं स्वयंपाकघर यांचं फार जवळचं नातं होतं. स्टुडिओतून निरोप यायचा, "साहेब सुटलेत," की घरात लोणी आणि साखर यायची आणि आम्हा मायलेकींची चंगळ व्हायची. मग कधीतरी निरोप यायचा, "साहेब उतरवतायत," की उकडलेल्या भाज्या सुरू. आत्याच्या लग्नात अख्खं गणगोत जेवत असताना नवरीचा सख्खा भाऊ काकडी चावत बसला होता. साहेबांना टक्कल पडायला लागलं तेव्हा तर कहर झाला. बाबांचे केस दाट. न्हाव्याने त्यांच्या डोक्यावर मागच्या बाजूला बशीएवढं चक्क भादरलं. आठवड्याभरात साहेबांनी टोप लावला आणि बाबा ती बशी घेऊन महिनाभर गावात फिरले. आई म्हणे, "लग्न मी कुणाशी केलंय तेच कळत नाही. तुमच्याशी की त्या माणसाशी?"

चिडायची, पण मनापासून कधीच नाही. आमचं घर तसं समाधानी होतं. बाबा बाहेर इतके चोख, पण घरात अगदी वेंधळे. चाव्यांचा किस्सा तर आई येईल त्याला ऐकवते. आमचं दार ओढलं की आपोआप लागायचं. एक दिवस बाबांना स्वतःची चावी सापडेना, म्हणून ते खिळ्यावरची आईची चावी घेऊन गेले. आणि त्यांची चावी होती कोटाच्या आतल्या खिशात. म्हणजे दोन्ही चाव्या स्टुडिओत आणि मला कडेवर घेतलेली आई दाराबाहेर. मी तेव्हा सहा महिन्यांची. आई तशीच तरातरा चालत स्टुडिओत गेली. ती तिथे गेली ती तेवढी एकदाच. किस्सा संपला की आई म्हणते, "दोन चाव्या असलेला माणूस," आणि सगळे हसतात. बाबाही हसतात.

सिनेमाच्या सुरुवातीला बाबांचं नाव कधीच आलं नाही. मी शाळेत असताना एकदा यावरून रुसले होते. मैत्रिणींना काय दाखवणार, वडिलांची पाठ? बाबांनी मला समोर बसवून सांगितलं, "हे बघ, मी कोण हे कुणाला कळलं, तर माझं काम फसलं." त्यांच्या आवाजात कुठे दुःखाचा लवलेश नव्हता. मला ते पटलं नाही. पण त्यांना ते खरंच तसं वाटतं, एवढं कळलं.

आता ती चूक.

आरसा हा पाठवाल्याचा वैरी. हीरो समोर, पाठवाला पाठमोरा, आणि हीरोच्या मागे आरशाचं कपाट असेल तर पाठवाल्याचं तोंड त्यात दिसणारच. म्हणून सुतार आरशाच्या वरच्या कडेमागे काड्यापेटी खुपसायचा. आरसा थोडा पुढे झुकायचा आणि त्यात नुसती जमीन दिसायची. शिवाय पाठवाल्याने मान खाली घालून उभं राहायचं, म्हणजे दुहेरी बंदोबस्त. त्या दिवशी दोन्ही फसले. सुताराला सिगारेटची तलफ आली आणि त्याने तीच काड्यापेटी काढून नेली. आणि नेमकं साहेबांचं सगळ्यात मोठं वाक्य चालू असताना बाबांची मान वर झाली. साहेबांनी त्या दिवशी असं काही काम केलं की सगळे भारावून गेले, आरशाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पुढे संकलकाच्या लक्षात आलं तोवर सेट मोडला होता. साहेबांचं तसं काम पुन्हा झालंही नसतं. दिग्दर्शक म्हणाला, लोक साहेबांकडे बघतील. लोकांनी तसंच केलं.

आई सोडून. तिने तो सिनेमा थिएटरात अकरा वेळा पाहिला आणि पुढे टीव्हीवर लागेल तेव्हा. तो प्रसंग जवळ आला की हातातलं काम टाकून ती टीव्हीसमोर येऊन उभी राहायची. आणि बाबा त्याच वेळी उठून पाणी प्यायला जायचे. त्यांनी स्वतःचा तो चेहरा सत्तेचाळीस वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. "मान का वर केलीत?" मी लहानपणी विचारायचे. "झाली," एवढंच उत्तर.

तर गेल्या महिन्यात फोन आला. तो सिनेमा धुऊनपुसून नवा करत होते. साहेबांना जाऊन बारा वर्षं झाली, दिग्दर्शक त्याच्या कितीतरी आधी गेला. त्या सेटवरचा हयात असलेला एकच माणूस म्हणजे बाबा. कुठे काय बिघडलंय, मुळात रंग कसे होते, हे सांगायला याल का? दुरुस्ती करणारा माणूस सहज म्हणाला, हल्ली काहीही पुसता येतं, लटकणारा माइकसुद्धा.

"काहीही?" बाबांनी दोनदा विचारलं. मग फोन ठेवून ते आम्हाला म्हणाले, "आरसा साफ करून घेतो. सुटलो एकदाचा."

आई भाजी निवडत होती. तिने ताट बाजूला सारलं. "खबरदार," ती म्हणाली.

"अगं, चूक आहे ती."

"असू दे. माझी आहे."

"तुझी कशी? माझी आहे ती!"

मी आईच्या बाजूने होते. बाबांना म्हणाले, "बाबा, तुम्ही एवढे हट्टी कधी झालात?" ते म्हणाले, "शिंप्याला उसवलेली शिवण दिसली की झोप येत नाही." पुढचे नऊ दिवस आईने त्यांच्याशी माझ्यामार्फतच संभाषण केलं. "तुझ्या वडिलांना सांग, चहा झालाय." वडील दोन हातांवर बसलेले. पण जायच्या दिवशी ती नवी चप्पल घालून सगळ्यांच्या आधी दारात हजर. "शेवटचं बघून घेते," म्हणाली.

ती खोली छोटी होती. एका टेबलावर दोन पडदे, समोर भिंतीवर एक मोठा, आणि आमच्यासाठी तीन खुर्च्या. दुरुस्तीवाला चाळिशीचा, चष्मेवाला, नम्र माणूस. त्याच्या कागदावर तीन रकाने होते: बिघाड काय, कारण काय, करायचं काय. ओरखडा, धूळ, पुसा. डाग, पाणी, पुसा. बाबा रंगात आले. हा कोट करडा नव्हे, शेवाळी. त्या घड्याळाचा काटा आधीच्या दृश्यात वेगळा होता. दुरुस्तीवाला भराभर लिहून घेत होता. मग जुळ्या भावांची खोली आली. कपाट आलं. बाबांनी सवयीने खुर्ची मागे सरकवली. पण इथे पाणी प्यायला जाणार कुठे?

दुरुस्तीवाल्याने चित्र थांबवलं. "इथे आरशात कुणीतरी दिसतंय. हे कोण?"

मी आईचा हात धरला. समोर भिंतभर तो आरसा होता आणि त्यात बाबांचा वयाच्या एकतिसाव्या वर्षीचा चेहरा. साहेब समोर जीव तोडून बोलतायत, आणि ह्या माणसाचं त्यांच्याकडे लक्षच नाही. तो साहेबांच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघतोय आणि त्याच्या तोंडभर हसू पसरलंय. मी तो प्रसंग शंभरदा पाहिला असेन, पण छोट्या पडद्यावर, पळता. तो हसतोय हे मला कधी दिसलंच नव्हतं.

"तो मी," बाबा म्हणाले. ते उठून भिंतीजवळ गेले आणि चष्मा वर करून बघत राहिले. "केवढा खूश दिसतोय हा माणूस."

"पुसू ना?" दुरुस्तीवाल्याने पेन उचललं. "कारण काय लिहू? आरसा हलला?"

"आरसा हललाच होता. पण मान मी वर केली." बाबा अजून आमच्याकडे पाठ करूनच उभे होते. "सेटचं दार उघडलं, म्हणून. दोन्ही चाव्या माझ्या खिशात होत्या."

मी गर्रकन आईकडे वळले. ती अजिबात चकित झाली नव्हती. मान ताठ करून, डोळे पुसत, ती भिंतीवरच्या त्या माणसाकडे बघत होती. सत्तेचाळीस वर्षं तिला ठाऊक होतं. तोंडाने कुणाला सांगितलं नाही, एवढंच. आणि खापर तिच्यावर फुटू नये म्हणून बाबाही गप्प बसले होते.

"मग काय लिहू?" दुरुस्तीवाल्याने पुन्हा विचारलं.

बाबांच्या खांद्यांकडे माझं लक्ष गेलं. पाठीने लाजणं महाकठीण असतं म्हणतात, पण त्यांना तेव्हा मुळीच कठीण गेलं नाही.

"कारण लिहा, बायको दारात आली," ते म्हणाले. "मुलगी कडेवर होती. आणि पुढच्या रकान्यात लिहा, हात लावू नये."