कार्डाचा नंबर

ऐन गाळपात आमच्या कराडच्या साखर कारखान्याचा सर्व्हर बंद पडला. वजनकाटा थांबला, उसाचे ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत खोळंबले. मॅनेजरसाहेब सकाळपासून सगळ्यांवर ओरडत होते. सर्व्हर दुरुस्तीला सांगलीहून आलेल्या माणसाने बशीतून निवांत चहा प्यायला आणि सर्व्हरला स्टोरेजशी जोडणारं जळालेलं कार्ड बदललं.

"नव्या कार्डाचा नंबर निराळा. तो नोंदवल्याबिगर स्टोरेज, म्हंजी समदा डेटा ठेवलेली पेटी, त्याला वळखत न्हाई," तो मला म्हणाला. मग त्याने साहेबांनाच सर्व्हरमागे, पंख्यांच्या घरघरीत उभं करून कार्डावरचा सोळा अक्षरी नंबर वाचायला लावला.

"आवं सायेब, मोठ्यानं! ऐकू येईना!"

साहेब घसा ताणून पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मी स्क्रीनकडे पाहिलं, तर नंबर केव्हाच भरून झाला होता. काटाही सुरू झाला होता.

"मग आता कशाला?" मी कुजबुजले.

तो गालात हसला. "सकाळधरनं वरडत्यात. म्हटलं, एकदा पोटभर वरडू द्यावं."

दुपारी साहेबांचा घसा बसला. इतकी निवांत दुपार त्या ऑफिसात आम्ही कधी पाहिली नव्हती.