हवेचं जोखड

माझा मामा मुंबईच्या बंदरात पाणबुड्या होता. बोटींच्या बुडाला चिकटलेली कालवं खरवडायची, पंख्यात गुंतलेले दोरखंड कापायचे, धक्क्याच्या खांबांना चिरा गेल्यात का ते गढूळ पाण्यात हातांनी चाचपायचं, अशी त्याची नोकरी. बाकीच्यांचे मामा गिरणीत नाहीतर पोस्टात होते. आमचा पाण्याखाली होता. एका कानाने ऐकू येईनासं झालं तेव्हा नोकरी सोडून तो मालगुंडला आपल्या घरी परत आला, आणि येताना एक पत्र्याची ट्रंक घेऊन आला. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा रत्नागिरीत मुलींना शास्त्र शिकवत होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशा तोऱ्यात होते.

बाबा मुंबईला, आणि आम्ही तिघी रत्नागिरीत: आई, ताई आणि मी. ताईला लहानपणी पोलिओ झाला आणि तिचा डावा पाय वाळला. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे असलेला बूट घालून ती चालायची. शिवणकामात तिचा हात धरणारं आमच्या आळीत कोणी नव्हतं, आणि बोलण्यातही नव्हतं. माझी जीभ तिखट म्हणतात लोक. मी म्हणते, माझ्या ताईला ऐका एकदा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालगुंडला गेलो तेव्हा मामाने पडवीत ट्रंक उघडली. आतून जुन्या रबराचा आणि डांबरगोळ्यांचा वास आला. काचेचा मुखवटा, पोहताना पायात घालायची एक विरलेली रबरी पंखी, आणि तळाशी घडी घातलेलं पिवळं काहीतरी. मामाने ते झटकून उलगडलं आणि गळ्यात घातलं. मानेमागून येऊन दोन्ही बाजूंनी छातीवर उतरणारी जाड कापडाची पिशवी, तिच्या आत रबराची दुसरी पिशवी, खांद्यापाशी चुण्याचुण्यांची नळी आणि नळीच्या टोकाला फुंकायचं तोंड.

"हे काय रे, बैलाचं जोखड?" आई म्हणाली. तेच नाव पडलं.

कुणा परदेशी पाणबुड्याने जाताना ते मामाला दिलं होतं. पाठीवरची हवेची टाकी कधीच कंपनीकडे जमा झाली होती, आणि असती तरी रत्नागिरीत ती भरून कोण देणार होतं! पण जोखडाला टाकी लागत नव्हती. "हवा फुंकली की वर, सोडली की खाली," मामा सांगत होता. "आणि मधे एक जागा असते गो. ना वर, ना खाली. तिथे माणसाला वजनच नसतं. मी कितीदा नुसता लोंबकळत राहायचो तिथे. मुकादम वरून दोर हलवून शिव्या घालायचा."

ताई पायरीवर बसून काजं करत होती. तिची सुई थांबली.

"वजन नसतं म्हणजे?"

"म्हणजे नसतं."

"पायालाही?"

"पायाला काय, सगळ्या जिवालाच नसतं."

ताईने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "मला त्यात जायचंय. समुद्रात. आणि कोणी धरायचं नाही."

आमच्या घरातली सगळी पोरं मामाच्या आगरातल्या विहिरीत पोहायला शिकली. पाठीला दोन सुके असोले नारळ बांधायचे आणि द्यायचं ढकलून. मीही तशीच शिकले. ताई काठावर बसून आमचे कपडे सांभाळायची. "पायाला गारठा धरेल," आई म्हणायची. ताईला जन्मभर कोणी ना कोणी धरलेलंच होतं. एसटीच्या पायरीवर कंडक्टरने, देवळाच्या पायऱ्यांवर आईने, पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवर मी. ती कधी नाही म्हणाली नाही, पण धरलं की तिचा हात कसा ताठ व्हायचा ते मला ठाऊक होतं. म्हणून मी त्याच क्षणी ताईच्या बाजूची झाले.

आई भडकली. "तुझं वय काय, अवस्था काय! आणि तू रे, मेल्या, तिच्या डोक्यात काय भरवतोस? नसती थेरं!" मामा चांगल्या कानावर हात ठेवून आगरात निघून गेला.

जोखड आम्ही रत्नागिरीला आणलं. ताईने आधी त्याचे सगळे टाके उसवले. दोरा कुजला होता, ओढला की पीठ व्हायचं. कापड रिठ्याच्या पाण्यात भिजवलं, बुरशीचे डाग लिंबाने घासले, मग जाळी विणायचा नायलॉनचा दोरा आणून तिने प्रत्येक शिवण दुहेरी घातली. पितळी कड्या हिरव्या पडल्या होत्या, त्या मी चिंचेने घासून लख्ख केल्या. तळाशी गॅसची एक इवलीशी बाटली होती, दोरी ओढली की जोखड भसकन फुगवणारी. ती पार गंजली होती. दर रविवारी मालगुंडहून मामा यायचा, त्याने ती काढूनच टाकली. फुंकायच्या तोंडातली रबरी झडप कडक झाली होती, तीही त्याने नवी कातरून बसवली. "स्वतःच्या श्वासावर तरंग," तो ताईला म्हणाला. "तोच बरा." आई आतून ओरडली, "त्या नळीला तुझं तोंड लागलंय रे, उष्टं आहे ते, उकळून घ्या आधी!" जोखडाशी आपलं काही देणंघेणं नाही म्हणणारी बाई लक्ष मात्र सगळं ठेवून होती.

आतली रबराची पिशवी मात्र शाबूत निघाली. मामाने ती फुंकून आमच्या पडवीच्या वाशाला टांगली. दुसऱ्या दिवशीही ती तशीच फुगलेली होती. वारा आला की हलायची, पुन्हा स्थिर व्हायची. मी वह्या तपासता तपासता तिच्याकडे बघत बसायचे आणि मला वाटायचं, हे घरच थोडं थोडं वर उचललं जातंय, खुंट्यांवरचे कपडे, चूल, शिवणाचं मशीन, ताई, सगळंच. दुपारच्या उन्हात असे विचार येतात खरे. शास्त्राच्या बाईंना येऊ नयेत, पण येतात.

आणि मग करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

पुढच्या रविवारी मामाने पिशवी खाली काढली तर ती त्याच्या बोटांना चिकटली. सुजली होती, कडेला चिघळल्यासारखी झाली होती. मामाने हुंगून बघितलं. खोबरेल तेल! "कुण्या शिंच्याने हिला तेल चोळलं?" त्याचा आवाज आळीभर गेला.

आमच्या घरात खोबरेल कशाला लागत नव्हतं? केसांना, बिजागऱ्यांना, मामाच्या कानाला, आणि दर रविवारी ताईच्या बुटाच्या चामड्याच्या पट्ट्यांना. आई ते पट्टे चोळून चोळून मऊ ठेवायची, नाहीतर ताईची मांडी सोलवटायची. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "कोरडं वाटलं हाताला," ती म्हणाली. "तिच्या मानेला काचेल म्हणून... रबराला तेल चालत नाही हे मला कोणी सांगितलं होतं?" आणि पदर तोंडाला लावून ती रडायलाच लागली. आठवडाभर ती गुपचूप त्या जोखडाची काळजी घेत होती, आणि आम्ही तिला शत्रू समजत होतो. मला इतकं भरून आलं की मी उगाचच मामावर ओरडले.

ताईने ती चिकट पिशवी हातात घेतली, परत ठेवली आणि मशीनवर जाऊन कुणाचं तरी झबलं शिवायला लागली. ती वाद घालत असली की मला घोर नसायचा. ती अशी मुकाट कामाला बसली की मात्र लागायचा. तशी पिशवी रत्नागिरीत काय, मुंबईतही मिळणार नव्हती. "गेलं ते," मामा जाताना हळूच म्हणाला.

त्यानंतर एकदा आम्ही दोघी एसटी स्टँडजवळून येत होतो. पंक्चरवाल्याच्या दुकानाबाहेर स्कूटरच्या जुन्या ट्यूबा टांगलेल्या होत्या. ताई थांबली. मला वाटलं पाय दुखतोय. तिने एक ट्यूब काढली, सरळ आपल्या गळ्यात घातली आणि छातीपाशी दोन्ही हातांच्या मुठीत धरली.

"इथे कापली तर गळाच आहे हा," ती म्हणाली. "मागून गोल, पुढून उघडा. ब्लाउजला नाही का बेतत?"

पंक्चरवाला बघतच राहिला. मी भररस्त्यात टाळी वाजवली.

ताईनेच ती कापली. दोन्ही तोंडं काचकागदाने घासली, सोल्यूशन लावून दुमडली, आणि मामाने ती ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत स्क्रूने आवळली. ट्यूबचा व्हॉल्व्ह काढून त्या जागी जुनी चुण्यांची नळी वायसर घालून बसवली. पिवळ्या कापडात ट्यूब अशी चपखल गेली की जणू त्यासाठीच बेतलं होतं. मग जोखड सगळ्यांसमोर एका लाकडी पेटीवर ठेवलं, आणि आईने दोन्ही हात पाठीमागे बांधून ते लांबूनच बघितलं.

चाचणी मामाच्या विहिरीत माझ्यावर झाली. पूर्ण फुंकलं तेव्हा मी उताणी तरंगले. वर पोफळींची टोकं आणि मधे आभाळाचा गोल. मग नळी वर धरून हवा थोडी सोडली, आणखी थोडी, आणि एकदम ती मधली जागा सापडली. हनुवटीपर्यंत पाणी होतं आणि खाली पाय कुठे संपतात तेच कळेना. विहिरीतलं पाणी हिरवं, त्यात उन्हाचा एक तिरका पट्टा, त्या पट्ट्यातून बारीक मासे जायचे आणि नाहीसे व्हायचे. रहाटाचा आवाज, मामाची हाक, सगळं लांब, दुसऱ्याच कुणाच्या गावात चालल्यासारखं. मला बाहेर यावंसंच वाटेना. आपण ताईच्या वाटणीचं चाखतोय असं मनात आलं, तेव्हा कुठे मी पायऱ्या चढले.

फाल्गुनात समुद्र अगदी निवला होता. आम्ही निवळीवरून वळसा घालणारी एसटी धरून मालगुंडला गेलो. आई येणार नाही म्हणत होती. सगळ्यांत आधी तीच बसमध्ये चढली.

मालगुंडच्या किनाऱ्याला कातळाच्या दोन रांगांमध्ये एक शांत जागा आहे. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिथलं पाणी तळ्यासारखं पडून असतं. खाली पांढरी वाळू दिसते. ताईने कातळावर बसून बूट सोडला. परकर आणि माझा जुना झगा घालून तिने जोखड गळ्यात चढवलं, पट्टे स्वतः आवळले, स्वतः फुंकलं. मामाने आणि मी तिला उचलून आत नेलं. ती हलकीच होती, पण भीतीने तिचं सगळं अंग लाकूड झालं होतं.

"आता सोडा," ती म्हणाली.

"जरा थांब गो," मामा म्हणाला.

"सोडा म्हणते ना!"

आम्ही सोडलं. मामाने दोन्ही हात पाण्यावर काढून आईला दाखवले. ताई उताणी झाली, नाकात पाणी गेलं, खोकली, एक सणसणीत शिवी दिली आणि स्थिर झाली. तिचा झगा भोवती पसरला. ती आभाळाकडे बघत होती. पाणी तिला जरा इकडे न्यायचं, जरा तिकडे. तिचे केस सुटले. डावा पाय उजव्याच्या शेजारी तरंगत होता आणि दोघांत काही फरक दिसत नव्हता. किती वेळ गेला सांगता यायचं नाही.

मग मला बुडबुडे दिसले. तिच्या छातीच्या कडेला, पाण्याखाली, जिथे ट्यूबच्या तोंडाला पट्टी आवळली होती तिथून, बारीक माळ वर येत होती. मी पाऊल टाकलं. मामाने मनगट पकडून मला थांबवलं. काठावरून आई किंचाळली, "धरा गो तिला! धरा!"

"कोणी येऊ नका," ताई म्हणाली. तिनेही बघितलं होतं. नळी तोंडात धरून तिने एक लांब फुंकर घातली, मग आणखी एक. खांदे पुन्हा वर आले. मग तिने काय करावं? नळी वर धरून हळूहळू हवा सोडायला लागली. मामाने शिकवलं होतं तसं, थोडी, आणखी थोडी. ती उभी होत गेली. पाणी हनुवटीला टेकलं, आणि तिचे पाय वाळूला लागले. दोन्ही.

ती चालायला लागली. हात पसरून, हळू, आमच्यापासून लांब. डावा गुडघा दुमडला नाही. पाऊल पुढे जायचं, टेकायचं, मग दुसरं जायचं. पाणी स्वच्छ होतं, मला सगळं दिसत होतं. ती कातळापर्यंत गेली, वळली, आणि तशीच परत आली. आई कमरेपर्यंत पाण्यात येऊन उभी होती, लुगड्यासकट, आणि तिला ते कळलंही नव्हतं.

पाणी उथळ झालं तसं ताईचं वजन परत आलं. मांडीपर्यंत पाण्यात आल्यावर पाय दुमडला आणि ती वाळूत बसली. आम्ही तिघं धावलो. तिने हाताने थांबा म्हणून खूण केली. ओल्या केसांतून आमच्याकडे वर बघत तिने विचारलं,

"तुम्हाला हे असं रोज असतं?"

ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. आम्ही तिच्याभोवती आपापल्या पायांवर उभे होतो.