पुलीचं पोट

लोखंड कातणाऱ्या लेथखालचा चुरा रोज झाडला तरी संध्याकाळी तितकाच साचतो. आमच्या वर्कशॉपमधल्या किस्स्यांचंही तसंच. फक्त ते भंगारवाला घेत नाही!

दारव्ह्याला नामदेवकाकांचं वर्कशॉप होतं. कापसाचे वाईट दिवस. सरकी काढणाऱ्या आसपासच्या बऱ्याच जिनिंग बंद. आमच्याकडे काम यायचं ते एकाच चालू जिनिंगचं. मेकॅनिकलची डिग्री असूनही मुलगी म्हणून मला कुणी मशीनला हात लावू देत नव्हतं. काका म्हणाले, "एक सीझन पाह्यतो. जमलं त लेथ तुयाकडं, नाही त घरी जाय."

पहिल्याच आठवड्यात जिनिंगमधून एक पुली दुरुस्तीला आली. पट्टा जिथे फिरतो तो भाग मधे किंचित फुगलेला. मी म्हटलं, कडा झिजल्यात! काका मारेगावला गेले होते. मी पुली आरशासारखी सपाट केली. जिनिंगमध्ये मशीन सुरू झालं आणि पट्टा सरकत सरकत थेट कापसाच्या ढिगावर!

"पट्टा उंच भागाकडं सरकते, पोरी. म्हणून मधे पोट ठेवा लागते," काका म्हणाले. "पुस्तकात नोतं का?"

होतं. तो धडा मी ऑप्शनला टाकला होता!

नवी पुली करायला घेतली. "पोट किती ठेवू?"

काकांनी एका जुन्या पुलीवरून अंगठा फिरवला. "इतकं."

मी भडकले. "अंगठ्याचं ड्रॉइंग कसं काढू?"

त्यांनी अंगठा ग्रीसमध्ये बुडवून माझ्या कागदावर दाबला. "हे घे!"

मग मी त्यांच्या चार जुन्या पुल्या मोजल्या. चारही पोटं सारखी! तोच आकडा ग्रीसच्या ठशाखाली लिहिला.

एकदा पिठाच्या चक्कीचा मालक आला. "पुली मधे फुगली, सपाट करून द्या."

"नाही करणार," मी म्हटलं.

"मिस्त्रीले बोलवा!"

काका आतूनच ओरडले, "पोरगी म्हणते तेच!" मी थँक्यू म्हणायला गेले, तर म्हणाले, "तुया भांडणापायी माहा चहा थंडा झाला!"

सीझन संपता संपता मी एकटीने केलेली पुली जिनिंगमध्ये चढली. मागचा निसटलेला पट्टा आठवून मजूर आधीच लांब भिंतीशी जाऊन उभे. काकांनी पट्ट्याशेजारी स्टूल ओढलं, मशीनकडे पाठ करून बसले आणि पेपर उघडला.

मशीन सुरू झालं. पट्टा कडेला गेला. मग तो हळूहळू मधे आला आणि तिथेच फिरत राहिला.

"काका, वळून पाहा ना!"

"कायले?" त्यांनी पान उलटलं.